खर्डा ते पुणे : भिंतीआडच्या थेट जोडणीचा इतिहास

इंटरनेटची मूळ मांडणी समान दर्जाच्या यंत्रांची होती. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपी प्रमाणकाने जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला ३२ बिटांचा पत्ता दिला. तो पत्ता ठाऊक असलेले कोणतेही दुसरे यंत्र त्याच्याशी थेट बोलू शके. मध्ये मध्यस्थ नसे आणि कोणाची परवानगीही लागत नसे. ३२ बिटांतून सुमारे ४३० कोटी पत्ते निघतात. जाळे विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरते होते तोवर ही संख्या कधी संपेल असे कोणाला वाटले नाही. आज जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याहून कोणी मोबाइलच्या ब्राउझरमधून पुण्यातल्या कार्यालयात व्हिडिओ कॉल लावतो, पडद्यावर ‘कनेक्टिंग’ हा शब्द फिरत राहतो आणि शेवटी कॉल पडतो. गावात दोष ‘रेंज’ला दिला जातो. रेंजचे सगळे दांडे भरलेले असतानाही हे घडते, तेव्हा कारण टॉवरमध्ये नसते. मूळ मांडणीला पुढे बसलेल्या दोन धक्क्यांत ते सापडते. एक धक्का परक्याच्या भीतीचा, दुसरा पत्त्यांच्या तुटवड्याचा.

भीतीचा धक्का आधी बसला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने सोडलेला, स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम काही तासांत हजारो संगणकांत शिरला. तोवर जाळ्यावरची माणसे एकमेकांना ओळखत, निदान एकमेकांवर विश्वास ठेवत. त्यानंतरच्या काही वर्षांत संस्थांनी आपल्या जाळ्याच्या तोंडाशी येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक तुकडा, तपासणारी यंत्रणा बसवायला सुरुवात केली. तीच फायरवॉल. बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम चेझविक आणि स्टीव्हन बेलोविन यांचे या विषयावरचे पुस्तक १९९४ मध्ये आले. चेक पॉइंट या इस्रायली कंपनीची फायरवॉलही त्याच वर्षी बाजारात आली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे ती चालू असलेल्या प्रत्येक संभाषणाची स्थिती लक्षात ठेवी. आतून सुरू झालेल्या संभाषणाचे उत्तर आत येऊ द्यायचे आणि बाहेरून आपणहून आलेले काहीही अडवायचे, हा नियम तेव्हापासून रूढ झाला.

पत्त्यांच्या तुटवड्यावर उतारा शोधला गेला तोही १९९४ मध्येच. त्या वर्षी मे महिन्यात केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ता-बदलाची, म्हणजे नॅटची, पद्धत मांडली. कार्यालयातल्या शंभर संगणकांना आतल्या आत वापरायचे खाजगी पत्ते द्यायचे आणि बाहेरच्या जगाला मोजकेच सार्वजनिक पत्ते दाखवायचे, अशी ती युक्ती. फेब्रुवारी १९९६ मध्ये खाजगी वापराचे पत्ते कायमचे राखून ठेवले गेले. घरोघरच्या राउटरवर दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता त्यांतलाच. मांडणाऱ्यांच्या दृष्टीने हा तात्पुरता इलाज होता. मोठ्या पत्त्यांची नवी पद्धत येईपर्यंत वेळ काढायचा, एवढाच हेतू. तात्पुरत्या इलाजानेच पुढची तीस वर्षे इंटरनेटचा आकार ठरवला.

खर्ड्याचा भुईकोट पाहिलेल्याला नॅटचे काम समजायला सोपे जाईल. ११ मार्च १७९५ च्या लढाईत पीछेहाट झाल्यावर निजाम अलीने याच कोटाचा आसरा घेतला आणि मराठी फौजांनी त्याला वेढले. अशा कोटाच्या दरवाजावरचा पहारेकरी आतून कोण बाहेर गेला आणि कोणाकडे गेला याची नोंद ठेवतो. त्या ठिकाणाहून उत्तर घेऊन येणाऱ्याला आत सोडतो, नोंद नसलेल्याला दाराशीच थांबवतो. नॅट हेच करते. एक माणूस कोटात आणि दुसरा उघड्या मैदानावर असेल तर अडचण नाही, कारण कोटातल्याने आधी निरोप धाडला की काम होते. संकेतस्थळ पाहताना असेच घडते. दोघेही आपापल्या कोटात बसले असतील तर मात्र कोणाचाच पहिला निरोप पोचत नाही. दोन ब्राउझरांच्या थेट जोडणीची सगळी अडचण इथे आहे.

भारतात जाळे आले तेव्हा ही अडचण नव्हती. १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पात मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था आणि पवईची आयआयटी सहभागी होत्या. तिथली यंत्रे जगाला थेट दिसत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली. स्वस्त खात्यात फक्त अक्षरे दिसत. महाग खात्यात मात्र टेलिफोनवरून जोडणी लागली की घरच्या संगणकाला तेवढ्या वेळेपुरता स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळे. वेग नगण्य होता, पण अशा कोणत्याही दोन संगणकांना एकमेकांपर्यंत पोचता येई. वेग वाढत गेला तसतशी ही सोय नाहीशी होत गेली, हे या इतिहासातले मोठे दुर्दैव आहे.

ती नाहीशी होण्याची सुरुवात महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत सायबर कॅफेंनी केली. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि खाजगी सेवा आल्या. कॅफेचालक एक जोडणी घेई आणि विनगेटसारख्या प्रोग्रॅमने किंवा १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलेल्या सोयीने ती सगळ्या संगणकांत वाटून देई. असे वाटून देणे बहुधा नॅटनेच होई. याहू मेसेंजरवर अक्षरी गप्पा सुरळीत चालत, कारण त्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत जात. मायक्रोसॉफ्टचे नेटमीटिंग मात्र अशा कॅफेत अडून बसे. १९९६ साली आलेला हा प्रोग्रॅम एच.३२३ या प्रमाणकावर चाले, आणि त्या प्रमाणकात यंत्राचा पत्ता निरोपाच्या मजकुरातच लिहिलेला असे. नॅट पाकिटावरचा पत्ता बदले, आतला तसाच राही. मग पलीकडचे यंत्र १९२.१६८ च्या खाजगी पत्त्यावर आवाज पाठवत बसे आणि तो कुठेच पोचत नसे. एका बाजूचा आवाज ऐकू येतो, दुसऱ्या बाजूचा येत नाही, हा दोष तेव्हापासूनचा आहे. इंटरनेटवरून बोलण्याला भारतात कायदेशीर मान्यता मिळाली १ एप्रिल २००२ रोजी. म्हणजे बोलायची मुभा मिळाली तोवर वाटेत भिंत उभी राहिली होती.

भिंत ओलांडायची युक्ती खेळांच्या जगातून आली. इंटरनेटवर एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्यांना नॅटचा त्रास होई. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये त्यावरचा उपाय लिहून काढला. दोन्ही यंत्रांनी आधी एका तिसऱ्या, सर्वांना दिसणाऱ्या सर्व्हरशी बोलायचे. तो सर्व्हर प्रत्येकाला दुसऱ्याचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक, सांगतो. मग दोघांनी एकाच सुमारास एकमेकांकडे पॅकेट सोडायचे. प्रत्येकाच्या नॅटमध्ये आतून बाहेर गेल्याची नोंद झालेली असते, त्यामुळे समोरून येणारे पॅकेट उत्तर समजून आत घेतले जाते. या कामाला यूडीपी ही निरोपाची हलकी पद्धत सोयीची पडते. या युक्तीला ‘होल पंचिंग’ असे नाव पडले. ब्रायन फोर्ड, पिडा श्रीसुरेश आणि केगेल यांनी २००५ मध्ये तिचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरचा पत्ता विचारण्याची रीत मार्च २००३ मध्ये ‘स्टन’ या नावाने प्रमाणित झाली होती. तिने नॅटचे चार प्रकार मानले आणि त्यांतला ‘सिमेट्रिक’ सर्वांत कडक ठरला. हा प्रकार प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळे पोर्ट वापरतो. त्यामुळे सर्व्हरने सांगितलेले पोर्ट दुसऱ्या व्यक्तीसाठी निरुपयोगी ठरते आणि युक्ती फसते.

या युक्त्या घरोघर पोचवल्या त्या २००३ मध्येच आलेल्या स्काइपने. ज्यांच्याकडे सार्वजनिक पत्ता आणि चांगला वेग होता अशा वापरकर्त्यांच्या संगणकांना स्काइप मध्यस्थ बनवी आणि भिंतीआडच्या दोघांचे बोलणे त्यांच्यामार्फत पोचवी. पुण्या-मुंबईचे आईवडील आणि कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीतली मुले यांना राउटरची कोणतीही खटपट न करता बोलता येऊ लागले. पुढे २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे मध्यस्थीचे काम स्वतःच्या सर्व्हरांवर नेले आणि ५ मे २०२५ रोजी ही सेवा बंद झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यांनी गावातल्या मुलांना परदेशी वर्गांशी जोडले ते याच स्काइपवरून.

स्काइप मात्र एका कंपनीच्या मालकीची बंद वस्तू होती. प्रोग्रॅम वेगळा उतरवावा लागे आणि तो आत काय करतो हे कोणाला दिसत नसे. ब्राउझरमध्येच ही क्षमता आणायचे काम गूगलने हाती घेतले. २०१० मध्ये तिने ग्लोबल आयपी सोल्युशन्स ही आवाज-चित्राच्या तंत्राची कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये ते तंत्र वेबआरटीसी या नावाने सर्वांसाठी खुले केले. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते क्रोममध्ये आणि जून २०१३ मध्ये फायरफॉक्समध्ये रूढ झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये सफारीनेही ते स्वीकारले. जागतिक वेब संघटनेने अंतिम प्रमाणक जाहीर केले २६ जानेवारी २०२१ रोजी, दहा वर्षांच्या चर्चेनंतर. वेबआरटीसीने नवी युक्ती शोधली नाही, जुन्या सगळ्या एकत्र बांधल्या. बाहेरचा पत्ता विचारण्यासाठी स्टन; काहीच जमले नाही तर निरोप पुढे पोचवणारा मध्यस्थ सर्व्हर, म्हणजे टर्न; आणि या सगळ्या वाटा जोडीजोडीने तपासून चालणारी पहिली चांगली वाट निवडणारी आइस ही पद्धत. आइस आणि टर्न ही दोन्ही प्रमाणके एप्रिल २०१० मध्ये आली होती.

एवढी तयारी असूनही जोडण्या फसत राहिल्या. त्याचे एक कारण मोबाइलच्या जाळ्यात आहे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले ३२ बिटी पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाचा साठाही शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या संस्थांकडे भरपूर पत्ते होते. भारतातले कोट्यवधी मोबाइलधारक नेमके त्यानंतर जाळ्यावर आले. सेवा देणाऱ्या कंपन्यांनी मग हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले. अशा मोठ्या नॅटसाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवले गेले. २००५ साली सुरू झालेल्या बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर जाणकार माणूस घरच्या राउटरमध्ये पोर्ट उघडून अडचण सोडवू शके. मोबाइलधारकाला ते शक्य नाही, कारण भिंत त्याच्या घरात नाही, कंपनीच्या केंद्रात आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ ही मोबाइल सेवा आली आणि स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोचला. खर्ड्यासारख्या गावात अनेक घरांचे पहिले इंटरनेट हे मोबाइलचेच इंटरनेट होते. म्हणजे या घरांनी उघडे, थेट इंटरनेट कधी पाहिलेच नाही.

नवी पत्तापद्धत, आयपीव्ही६, १९९८ पासून तयार आहे. तिचे पत्ते १२८ बिटांचे आहेत आणि ते वाटून घेण्याची गरज नाही. भारत तिच्या वापरात जगात पुढच्या रांगेत आहे, तो मुख्यतः मोबाइल कंपन्यांमुळे. खर्ड्यातल्या फोनला असा पत्ता मिळतो, पण पुण्यातल्या कार्यालयाचे जाळे जुन्याच पद्धतीवर असेल तर त्याचा उपयोग होत नाही. बोलणे जुन्या पद्धतीवर येते आणि पुन्हा नॅटमध्ये शिरते. गावाकडचे टोक या बाबतीत शहराच्या पुढे असते, ही गोष्ट ‘गावात नेट चालत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने या सगळ्याची परीक्षा घेतली. शाळा, सल्लामसलत, मुलाखती, न्यायालयांच्या सुनावण्या एकदम पडद्यावर आल्या. मोठ्या बैठकांच्या सेवा आवाज-चित्र आपल्या सर्व्हरमार्फत नेतात, म्हणून त्या बहुधा तगल्या. जित्सीसारख्या खुल्या प्रणालीत दोघेच असतील तर बोलणे थेट होते आणि तिसरा आला की सर्व्हरमार्फत. तिघांची बैठक चालते पण दोघांची चालत नाही, हा चमत्कारिक वाटणारा दोष यातूनच उद्भवतो. घाईघाईने बनवलेल्या छोट्या सेवांची अवस्था आणखी वाईट होती. त्यांच्या कर्त्यांनी गूगलचा फुकट स्टन सर्व्हर जोडला होता आणि खर्च वाचवायला टर्न लावलेच नव्हते. टर्नमधून सगळे चित्र जाते, म्हणून त्याला पैसे पडतात. अशी सेवा कर्त्याच्या घरी उत्तम चाले आणि मोबाइलवरच्या ग्राहकाकडे बंद पडे. शिवाय तो फुकट सर्व्हर १९३०२ या पोर्टवर आहे. नेहमीची पोर्टे सोडून बाकी सगळी बंद ठेवणाऱ्या कार्यालयात त्याच्यापर्यंतही पोचता येत नाही.

दोष शोधण्याची रीत या तीस वर्षांच्या अनुभवातून तयार झाली. पहिली पायरी जाळे बदलून पाहण्याची. कार्यालयाच्या वायफायवर न चालणारा कॉल त्याच लॅपटॉपवर मोबाइलच्या हॉटस्पॉटने चालला, तर अडथळा कार्यालयाच्या जाळ्यात आहे, हे सिद्ध होते. दुसरी पायरी ब्राउझरच्या आत डोकावण्याची. क्रोममध्ये ‘वेबआरटीसी-इंटर्नल्स’ आणि फायरफॉक्समध्ये ‘अबाउट वेबआरटीसी’ या नावांची पाने असतात. तिथे आइसने गोळा केलेल्या वाटांची यादी दिसते. ‘होस्ट’ म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता. ‘सर्व्हर रिफ्लेक्सिव्ह’ म्हणजे स्टनने कळवलेला बाहेरचा पत्ता. ‘रिले’ म्हणजे टर्नची वाट. यादीत फक्त होस्ट असेल तर यूडीपी बाहेर जाऊच शकत नाही किंवा स्टन सर्व्हर गाठता येत नाही. दोन्ही टोकांना बाहेरचा पत्ता मिळूनही तपासणी फसत असेल, तर एका बाजूला सिमेट्रिक नॅट असल्याचा दाट संशय घ्यावा. दोन वेगळ्या स्टन सर्व्हरांना एकाच पोर्टवरून विचारावे. दोघांनी वेगवेगळी बाह्य पोर्टे सांगितली तर संशय खरा ठरतो. अशा वेळी टर्नखेरीज मार्ग नाही. टर्न असूनही रिलेची ओळ येत नसेल, तर बहुधा ठरावीक मुदतीच्या परवली-शब्दाची मुदत संपलेली असते किंवा टर्नचे नेहमीचे ३४७८ हे पोर्ट अडवलेले असते.

काही दोष वेगळे दिसतात. जोडणी होते आणि अर्ध्या मिनिटाने तुटते, तेव्हा वाट मध्येच बंद पडलेली असते. ब्राउझर थोड्या थोड्या सेकंदांनी पलीकडची संमती तपासतो आणि ३० सेकंद उत्तर आले नाही तर पाठवणे थांबवतो. नॅटने नोंद लवकर पुसली किंवा फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की हे घडते. अशा वेळी सेवेने आइसची तपासणी नव्याने सुरू केली पाहिजे. एकाच खोलीतले दोन फोन जोडले जात नाहीत, त्याला एका सुरक्षेच्या उपायाचा इतिहास आहे. वेबआरटीसीमार्फत कोणतेही संकेतस्थळ पाहणाऱ्याचे खरे पत्ते काढून घेऊ शकते, हे जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले. पुढे २०१९ पासून क्रोमने आतला पत्ता झाकून त्याऐवजी ‘लोकल’ने संपणारे तात्पुरते नाव द्यायला सुरुवात केली. ज्या वायफायवर उपकरणांना एकमेकांशी बोलायला बंदी असते तिथे ते नाव उलगडत नाही. कॅमेराच सुरू होत नसेल तर मात्र फायरवॉलचा संबंध नाही. डिसेंबर २०१५ पासून क्रोम फक्त सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस, पानालाच कॅमेरा देतो.

फक्त संकेतस्थळांपुरती वाट ठेवणाऱ्या कार्यालयांसाठी शेवटचा उपाय म्हणजे टर्न ४४३ या पोर्टवर, कुलूपबंद टीसीपीतून, म्हणजे यूडीपीपेक्षा काटेकोर पद्धतीतून, चालवणे. बाहेरून ते साध्या संकेतस्थळासारखे दिसते. त्याची किंमत असते. टीसीपी हरवलेले पॅकेट परत मागवते आणि त्याची वाट पाहताना आवाज अडखळतो. पॅकेटच्या आत शिरून पाहणाऱ्या फायरवॉल हीदेखील वाट अडवू शकतात. मध्यस्थ सर्व्हर कुठे आहे, हेही महत्त्वाचे. तो सिंगापूर किंवा युरोपात असेल तर खर्डा-पुणे बोलणे समुद्रापार जाऊन शेजारच्या जिल्ह्यात परत येते. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुण्यात आणि २०१६ मध्ये अॅमेझॉनने मुंबईत आपली केंद्रे सुरू केली; तेव्हापासून या अंतराची सबब उरलेली नाही.

महाविद्यालये, रुग्णालये आणि कार्यालये यांची जाळी सांभाळणाऱ्यांनी बाहेर जाणाऱ्या यूडीपीसाठी ३४७८ हे पोर्ट उघडे ठेवावे, आयपीव्ही६ सुरू करावे, आणि मराठी मुलखासाठी सेवा बनवणाऱ्यांनी टर्न सर्व्हर पहिल्या दिवसापासून लावावा. गावातल्या माणसाने फोन बदलला, सिम बदलले किंवा तो गच्चीवर चढला, तरी या अडचणी सुटणार नाहीत. त्या दुसऱ्या टोकालाच सोडवाव्या लागतील.